दोन ओली बोटं

"म्हणजे इथं कुणालाच आयरिश येत नाही? एकालाही?"

"नाही."

"एखादी आजी? अंथरुणाला खिळलेली का असेना?"

"होती एक. पार वरच्या घरात." ब्रदर फिन्टन यांनी हातातली दुधाची बादली खाली ठेवली. "तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा मला दात होते."

मॅलाकी हसला नाही. तो हसायला आलाच नव्हता.

गोष्ट आयर्लंडातली आहे. पश्चिमेकडचं एक डोंगरी खोरं, खोऱ्याच्या टोकाला ख्रिस्ती साधूंचा लहानसा मठ, आणि त्या मठाचा गोठा. गोठ्याच्या दारात हे दोघं उभे. खोऱ्याचं नाव मी सांगत नाही, सांगून तुम्ही काही तिकडे जाणार नाही. एवढं कळलं तरी पुरे, की तिथल्या लोकांची भाषा एकेकाळी आयरिश होती आणि आता ते सगळे इंग्रजी बोलत होते.

कसं झालं? सगळीकडे होतं तसंच. शाळेत मास्तरांनी छडी मारली आणि घरी आईबापांनी मास्तरांची बाजू घेतली. आयरिशने पोट भरत नाही, म्हणाले. इंग्रजी शाळेच्या दारात पहाटेपासून रांग लावणारे आईबाप तुम्ही पाहिलेत ना? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ब्रदर फिन्टन हे त्या मठातले सगळ्यांत वयस्क साधू. बोलणं मोजकं. खोऱ्यात कुणाचं लग्न मोडायला आलं, भावाभावांचं बांधावरून वाजलं, की माणसं त्यांच्याकडे येत. ते ऐकून घेत आणि बहुतेक वेळा एखादं काम सांगून परत पाठवत. नवल असं, की माणसांचं तेवढ्यावर भागायचं.

आणि मॅलाकी शहरातला. थेट डब्लिनचा. तरणाबांड, मान ताठ, कोट इस्त्रीचा. आयरिश तो पुस्तकांतून शिकला होता, आणि कसली शिकला होता म्हणता! पश्चिमेच्या बेटांवर जाऊन, जन्मापासून तीच भाषा बोलणाऱ्या कोळ्यांच्या चुका काढून आला होता पठ्ठ्या. कोळ्यांनीही मुकाट्याने ऐकून घेतल्या. पाहुण्याला उलट बोलत नाहीत तिकडे.

पण त्याला नुसता शिष्ट म्हणून सोडून देऊ नका. त्याच्यामागे एक दुखणं होतं.

त्याची आई याच खोऱ्यातली. ओनोरा नाव. पोरसवदा वयात ती डब्लिनला धुणीभांडी करायला गेली, तिथंच लग्न केलं, तिथंच विधवा झाली, आणि एकुलत्या एका पोराला तिने शिकवून शहाणं केलं. त्याच्याशी आयरिशचा एक शब्द तिने कधी काढला नाही. त्याने विचारलं तर म्हणायची, "विसरले रे बाबा. तू आपला अभ्यास कर."

शेवटच्या आजारात मात्र तिचं इंग्रजी हळूहळू आटत गेलं. आधी मोठी वाक्यं गेली, मग लहान गेली. शेवटच्या संध्याकाळी तिच्या तोंडी एकच उरलं.

"सुक… सुक… सुक…"

उजवा हात पांघरुणाबाहेर काढलेला. तळवा वर. दोन बोटं पुढे केलेली, कुणाला तरी देत असल्यासारखी. हात थरथरत होता तरी ती खाली घेईना.

मॅलाकीने पाणी दिलं, तिने मान फिरवली. फादरना बोलावलं, तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने खिडकी उघडली, पुन्हा लावून घेतली. "काय हवंय, आई? काय सांगतेस?" तिचं आपलं तेच, सुक… सुक…

काही सुचेना, तेव्हा त्याने तिची ती दोन बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली. तशी ती गप्प झाली. पुन्हा एक अक्षर बोलली नाही. पहाटे गेली.

मॅलाकीच्या मनाने घेतलं ते असं, की तिला आपल्याला काहीतरी सांगायचं होतं. आपल्याला कळलं नाही. याला काही कळत नाही असं पाहून तिने नाद सोडला आणि ती न सांगताच गेली.

अशा वेळी माणूस दारूला लागतो, नाहीतर देवाला लागतो. हा आयरिशला लागला. जंग जंग पछाडून भाषा शिकला, कोश पालथे घातले. सगळे शब्द सापडले आणि तेवढा एक सापडला नाही. शेवटी एका मोठ्या प्राध्यापकांना त्याने भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "शब्द नव्हे हो तो. श्वास असेल. जाताना माणसाच्या घशातून काहीबाही येतं."

मॅलाकीने टोपी उचलली आणि तो तिथून निघाला. त्या दिवसापासून त्याने तो शब्द कुणापुढे काढला नाही. आपल्या आईचं शेवटचं बोलणं पुन्हा कुणाला श्वास म्हणू द्यायचं नाही, हे त्याने पक्कं केलं. आईच्या खोऱ्यात जायचं, तिथली आयरिश मुळापासून खणून काढायची आणि शब्द आपणच शोधायचा. सापडल्याशिवाय परतायचं नाही.

तर असा तो खोऱ्यात आला आणि डीलियाबाईंच्या घरी उतरला.

पहिल्याच दिवशी डीलियाबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. ठेवणीतला कप काढला. "बसा हो, अस्थोर, बसा. बुटांचं क्लाबर असू द्या, फरशी काय, पुसता येते. त्या कुत्र्याकडे नका लक्ष देऊ, अमदॉन आहे मेला. दूध घ्या. अहो घ्या की! बरं, एवढी वर टिली तरी घ्या."

आणि मग त्याने विचारलं तेव्हा त्याच बाई म्हणाल्या, "आयरिश? छे हो! या घरात तुम्हाला आयरिशचा एक शब्द मिळायचा नाही."

आता अस्थोर म्हणजे लाडक्या. क्लाबर म्हणजे चिखल. अमदॉन म्हणजे येडपट. आणि टिली म्हणजे माप झाल्यावर दूधवाला वर जी धार घालतो ती, आपला वर्ताळा. चारही शब्द अस्सल आयरिश, आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. मॅलाकीला होता. पण त्याने नाक मुरडलं. त्याच्या लेखी ही फुटक्या रांजणाची खापरं होती आणि त्याला अख्खा रांजण हवा होता.

मग तो घरोघर फिरला. प्रत्येक घरात तीच बाहेरची खोली, तोच ठेवणीतला कप. डब्लिनचा विद्वान आला म्हणून म्हातारे दाढी करून बसायचे आणि जपून जपून चांगलं इंग्रजी बोलायचे. गोठ्यातली कामं तो बाहेरच्या खोलीत असताना मागच्या मागे उरकायची. पाहुण्यासमोर कुणी शेणामुताचं काढतं का?

शेवटी डीलियाबाईंनाच त्याची दया आली. "ब्रदर फिन्टनकडे जाऊन या. त्यांच्या आईबापांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण त्यांच्यापुढे प्लामास करू नका हं. गोड गोड बोललेलं त्यांना खपत नाही."

म्हणून तो आत्ता गोठ्याच्या दारात उभा होता.

"तुमचे आईवडील आयरिशच बोलत ना?" मॅलाकीने पुन्हा सुरुवात केली.

"बोलत."

"मग तुम्हाला यायला हवी."

"मठात आलो तेव्हा पोर होतो. इथं लॅटिन होतं, इंग्रजी होतं आणि उरलेला वेळ गप्प राहायचं होतं." ब्रदरनी बादलीवरची माशी हाकलली. "त्यातलं गप्प राहणं तेवढं जमलं."

"ब्रदर, मी रिकाम्या हाताने परत जाणार नाही. तुम्ही आठवा. वेळ लागू द्या. पण मला हवं ते मिळाल्याशिवाय या खोऱ्यातून माझं पाऊल हलायचं नाही."

"हलवू नका. आहात तिथंच उभे राहा."

"म्हणजे?"

"दारातून वारा येतोय. तुमच्या पाठीने अडलाय. त्याला थंडी वाजतेय."

"कुणाला?"

ब्रदरनी हनुवटीने कोपरा दाखवला. गवतावर एक तांबडं वासरू उभं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, पाठीची कमान झालेली, पाय लटपटत होते.

"काल जन्मलं," ब्रदर म्हणाले. "आई विताना गेली. हे दूध दुसऱ्या गाईचं. तोंड लावत नाही. अजून पोटात थेंब नाही त्याच्या. आज प्यायलं नाही तर उद्या दिसायचं नाही."

"मग कुणाला तरी बोलवा."

"सगळे दलदलीवर गेलेत. आज मेहल आहे."

तिकडे लाकूडफाटा कमी. दलदलीतली काळी माती कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात. ते काम एकट्याचं नव्हे. सगळं खोरं मिळून आज याचं, उद्या त्याचं करतं. आपल्याकडची इर्जिकच ती.

"मेहल!" मॅलाकी लगेच म्हणाला. "हा शब्दसुद्धा आयरिश आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"असेल. आम्ही कामाला जातो."

मग ब्रदरनी आपले दोन्ही हात पुढे केले. संधिवाताने दहाही बोटं वाकडी झालेली, कातडी वाळून कडक. "याला माझा हात चालत नाही. लाकूड वाटतं." आणि त्यांनी पायाने बादली मॅलाकीकडे सरकवली. "तुम्ही धरा."

मॅलाकीने बादलीकडे पाहिलं, आपल्या कोटाकडे पाहिलं. "मी शब्द शोधायला आलोय, ब्रदर. गुरं पाजायला नाही."

ब्रदर रागावले नाहीत. एक पालथं घमेलं ओढून त्यावर बसले. हात मांडीवर ठेवले.

…

वासरू एकदा हंबरायला गेलं, पण आवाज फुटला नाही.

"ब्रदर, माझी आई…"

"नंतर."

"तुम्ही ऐकून तरी घ्या! माझी आई याच खोऱ्यातली. ती गेली तेव्हा…"

"ऐकेन. पण आई गेलेला एक जण तुमच्या आधीपासून रांगेत आहे."

मॅलाकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संताप संताप झाला त्याचा. एवढ्या लांबून आलो, आईचं नाव काढलं, आणि हा म्हातारा आपल्याला वासराच्या मागे उभा करतोय! पण गडी हट्टाचा होता. ठीक आहे, म्हणाला मनाशी. याचं एकदाचं उरकू, मग बघू कुठे पळतो ते. त्याने कोट काढला, खुंटीला टांगला, बाह्या वर सारल्या आणि बादली उचलली.

आधी त्याने वासराची मान धरून तोंड दुधात घातलं. वासराच्या नाकात दूध गेलं, ते फुरफुरलं आणि मॅलाकीच्या तोंडावर शिंकलं. अर्धा शर्ट भिजला.

मग त्याने विद्या काढली. बादली समोर ठेवली, दोन पावलं मागे सरला आणि वासराला आयरिशमध्ये विनंती केली. शुद्ध, सुरेल, एकही चूक नाही. हे लहानग्या, भिऊ नकोस, ये आणि हे उत्तम दूध प्राशन कर, असं काहीसं. काशीच्या शास्त्रीबुवांनी म्हशीला संस्कृतातून हाक मारावी, तसं ते झालं. वासराने त्याच्याकडे शेपूट केलं.

"छान बोलता," ब्रदर म्हणाले. "बिशपसाहेबांना फार आवडेल."

मॅलाकीने दात खाल्ले.

"हरलात?"

"मी हरत नाही."

"मग बसा."

"कुठे?"

"खाली. उभ्या माणसाकडे वासरू येत नाही."

खाली शेण होतं, मूत होतं, भिजलेलं गवत होतं. मॅलाकी इस्त्रीच्या विजारीसकट गुडघ्यांवर बसला. आता माघार घ्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे वासरू गाईला सोडतात, ते लुचतं, मग आपण धार काढतो. त्या मुलखात वासराला बादलीतून प्यायला शिकवतात. आणि वासराला काय ठाऊक बादली? ते वर तोंड करून आईचे सड हुडकतं, दूध असतं खाली. म्हणून मग बोटं दुधात भिजवून त्याच्या तोंडापुढे धरायची. ते सड समजून चोखू लागतं. चोखता चोखता हात हळूच बादलीत उतरवायचा, की पुढचं त्याचं त्याला कळतं.

"पोरींचं काम आहे हे," ब्रदर म्हणाले. "आमच्याकडे घरोघरच्या पोरी हेच करत मोठ्या होतात. दोन बोटं भिजवा."

त्याने भिजवली.

"तळवा वर. पुढे धरा. नाही, त्याच्या तोंडात कोंबू नका. त्याला येऊ द्या."

"आणि आलं नाही तर?"

"धरून ठेवा."

त्याने हात पुढे धरून ठेवला. दूध मनगटावरून ओघळलं आणि सुकलं. "पुन्हा भिजवा," मागून आवाज आला. त्याने पुन्हा भिजवली. वासरू एक पाऊल पुढे आलं, दचकलं, मागे गेलं. पुन्हा भिजवली. खांदा भरून आला. गुडघ्यांतून थंडी वर चढू लागली. दारातलं ऊन भिंतीवर सरकलं, तरी हात त्याने खाली घेतला नाही. वासरू त्याच्याकडे बघत होतं, तो वासराकडे. आता त्यांच्यात कोण जास्त हट्टी एवढाच प्रश्न उरला होता.

मग हात थरथरायला लागला.

मॅलाकीने हाताकडे पाहिलं.

तळवा वर. दोन बोटं पुढे केलेली, कुणाला तरी देत असल्यासारखी. थरथरणारी, तरी खाली न घेतलेली.

हा हात त्याने पाहिला होता. पांघरुणाबाहेर पाहिला होता.

कळायच्या आधीच त्याच्या तोंडून निघून गेलं…

"सुक…"

वासराचा कान वळला.

"सुक… सुक… सुक…"

वासरू आलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. ओलं नाक त्याच्या तळव्याला लागलं, आणि मग त्या खरबरीत, ऊन ऊन जिभेने त्याची दोन्ही बोटं आत ओढून घेतली. केवढी ओढ ती! एवढ्याशा जिवात एवढं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याची हाक तिथेच थांबली. त्याने हात हळूच बादलीत उतरवला. वासरू हाताबरोबर खाली आलं, एकदा फुरफुरलं आणि घटाघटा प्यायला लागलं.

"हं," मागून ब्रदर म्हणाले. "असंच."

मॅलाकी वळला नाही. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ब्रदर… मी आत्ता काय म्हणालो?"

"वासराला बोलावलंत."

"तो शब्द. सुक. तुम्हाला माहीत होता?"

"त्यात माहीत असायचं काय? सगळे तसंच बोलावतात. डीलिया बोलावते, तिची सून बोलावते. सकाळ-संध्याकाळ गोठ्यागोठ्यातून ऐकू येतं."

"मी इतके दिवस इथं आहे! मला एकदाही ऐकू आलं नाही."

"तुम्ही बाहेरच्या खोलीत होता."

मॅलाकीने ओठ चावला. "ब्रदर, हे आयरिश आहे. तुम्हाला कळतंय का? हे आयरिश आहे!"

"असेल बुवा. वासरांना कळतं."

बादलीतलं दूध अर्ध्यावर आलं. वासराची शेपटी हलू लागली होती.

"आता सांगा," ब्रदर म्हणाले. "आता तुमची पाळी."

आणि मॅलाकीने सांगितलं. शेणात बसल्या बसल्या, हात बादलीत तसाच ठेवून, सगळं सांगितलं. ओनोरा हे नाव सांगितलं. पाणी, फादर, खिडकी, ती संध्याकाळ. प्राध्यापक काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांच्यानंतर कुणापुढे न काढलेला तो शब्द त्याने पुन्हा एकदा आईसारखाच म्हणून दाखवला, आणि वासराने बादलीतून तोंड काढून त्याच्याकडे पाहिलं.

त्यावर त्याला रडू फुटलं. चांगला हमसून हमसून रडला.

"वासराला बोलावत होती ती," तो म्हणाला. "बस्स, एवढंच. तिच्या लहानपणीचं कुठलं तरी वासरू. कधीच मेलेलं. आणि मी वेडा समजत होतो, की मला काही सांगतेय. एवढी वर्षं घालवली मी. निरोप नव्हताच, ब्रदर. मी उशाशी बसलो होतो आणि तिच्या डोळ्यांपुढे मी नव्हतोच."



…

वासराने दूध संपवलं आणि ते बादलीचा तळ चाटू लागलं. रिकाम्या बादलीचा खडखडाट गोठाभर झाला. दलदलीवरून परतणाऱ्या माणसांचे आवाज लांबून यायला लागले होते.

ब्रदर उठले. घमेल्यावरून उठायला त्यांना वेळ लागला. येऊन ते मॅलाकीच्या शेजारी गवतात बसले. आतापर्यंतचं अहो-जाहो त्यांनी सोडून दिलं.

"तिने बोटं पुढे केली. तू काय केलंस?"

"सांगितलं ना. धरली."

"कशी?"

मॅलाकीने आपली दोन ओली बोटं दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरून दाखवली.

"मग ती?"

"गप्प झाली. मला काही कळत नाही म्हणून तिने नाद सोडला."

ब्रदरनी वाकड्या बोटांनी वासराच्या कपाळावरचा ठिपका खाजवला. वासरू आता त्यांनाही भीत नव्हतं.

"आणि तू? आत्ता हाका मारायचा कधी थांबलास?"

"मी? त्याने बोटं धर…"

मॅलाकीचं तोंड तसंच उघडं राहिलं. आपल्या मुठीत धरलेल्या बोटांकडे तो बघत राहिला.

…

ब्रदर फिन्टन रिकामी बादली उचलून दारापर्यंत गेले आणि तिथून वळले.

"मग तिचंही वासरू आलं होतं, पोरा."